कृष्णाजींचं मौन

“मला अण्णा म्हणू नकोस, सुष्मिता. उद्या माझ्या बापाचं वर्षश्राद्ध आहे. ते झाल्यावर या घराशी आणि त्या कारखान्याशी तुझा नि तुझ्या आईचा काय संबंध राहणार, ते आजच बोलून टाकू.”

मद्रासच्या सैदापेट भागातल्या त्या घरात श्रीवत्साचा आवाज चढला, तेव्हा सकवारबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून उद्याच्या वड्यांसाठी उडीद डाळ निवडत होत्या. त्यांचे हात जागच्या जागी थांबले. हा क्षण कधीतरी येणार, हे त्यांना कितीतरी वर्षांपासून ठाऊक होतं... पण तो पतीच्या पहिल्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी, भर सकाळी, दारात रांगोळी ओली असताना येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

सुष्मिता नुकतीच एन्नोरच्या कारखान्यातून आली होती. उद्या संध्याकाळी कारखान्याच्या आवारात कृष्णाजींच्या स्मरणार्थ सभा होती, तिची तयारी बघून. ती श्रीवत्साची चुलत बहीण, कृष्णाजींच्या धाकट्या भावाची मुलगी. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती, आणि कृष्णाजींनीच तिला वाढवलं, शिकवलं, आणि शेवटी आपल्या बर्फाच्या कारखान्याच्या खुर्चीवर बसवलं. तिच्या मागे भिंतीला टेकून तिची आई राजसबाई उभी होती. पांढऱ्या लुगड्यातली, सडपातळ, कधी कोणाला वरच्या आवाजात न बोललेली बाई.

“अण्णा, उद्याचा दिवस होऊन जाऊ दे,” सुष्मिता म्हणाली. “मग तू म्हणशील ते बोलू.”

“उद्या काय, परवा काय. कंटेनर यार्डवाल्यांना ती जागा हवी आहे, मी त्यांच्याशी बोललोय. कारखाना बंद करायचा. माझ्या बापाने मला एकदाही त्या कारखान्यात पाऊल टाकू दिलं नाही. आणि तू? तू लहानपणापासून बर्फाच्या लॉरीत पुढे बसून जायचीस.” मग तो राजसबाईंकडे वळला, आणि त्याच्या आवाजातला राग आणखी खोल, आणखी जुना झाला. “काकी, तुम्ही कधी काही मागितलं नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला मागावं लागलंच नाही. तुम्ही नुसत्या गप्प बसून माझ्या अप्पांना माझ्यापासून तोडलंत.”

राजसबाईंच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. 

कृष्णाजी माणूस कसा होता, हे त्या घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ त्र्यंबक, दोघे तंजावरहून मद्रासला आले, तेव्हा त्यांच्याजवळ वडिलांनी दिलेला थोडा जमिनीचा पैसा आणि जुन्या वळणाची, दक्षिणेत मुरलेली मराठी एवढंच भांडवल होतं. एन्नोरच्या कोळीवाड्यापाशी त्यांनी बर्फाचा कारखाना काढला. होड्या समुद्रात जायच्या त्या त्यांचा बर्फ भरून, आणि मासळी शहरात पोचायची ती त्यांच्याच बर्फात. कृष्णाजींचा एक नियम होता. ज्याला बर्फाचा शब्द दिला, त्याची होडी वादळामुळे निघाली नाही तर लाद्या आवारात वितळू द्यायच्या, पण जास्त भाव देतो म्हणणाऱ्या दुसऱ्याला विकायच्या नाहीत. लोक त्यांना वेडं म्हणायचे. पण त्याच वेडापायी त्या किनाऱ्यावर त्यांच्याइतका भरवशाचा व्यापारी दुसरा कोणी नव्हता.

आणि घरी? घरी ते आवाजाने नव्हे, तर वासाने ओळखू यायचे. आवाराचा, समुद्राचा, बर्फ गोठवायच्या अमोनियाचा थोडासा वास घेऊन ते यायचे, हातपाय धुऊन सरळ पोरांत बसायचे. रविवारी सांबार तेच करायचे आणि सकवारबाईंना चुलीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. राजसबाई तापाने आजारी पडल्या त्या वर्षी शाळेत जाणाऱ्या सुष्मिताच्या दोन वेण्या घालायला शिकले, आणि त्या इतक्या वाकड्या घालायचे की वर्गातल्या बाईंनी घरी निरोप पाठवला होता. श्रीवत्साला त्यांनी कधी कशाची कमतरता पडू दिली नाही. सायकल, पुस्तकं, तांबरमच्या कॉलेजात इंजिनियरिंग, सगळं. फक्त कारखान्याचं दार त्यांनी त्याच्यासाठी बंद ठेवलं.

पदवी हातात घेऊन तो उत्साहाने बापासमोर उभा राहिला होता. “अप्पा, मी उद्यापासून येतो एन्नोरला.” कृष्णाजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. “तू नोकरी बघ. कारखान्यात तुझं काम नाही.” एवढंच. त्या दिवशी मुलाच्या चेहऱ्यावरचा उजेड कसा विझला ते सकवारबाईंनी बघितलं होतं. तो पुण्याला मोटारींच्या कंपनीत गेला. काही वर्षांनी सुष्मिता इंजिनियर झाली आणि कृष्णाजींनी तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं. ही बातमी त्याला फोनवर कळली. त्यानंतर तो दिवाळीला यायचा तो पाहुण्यासारखा. देविकाशी लग्न झालं तेही पुण्यातच. कृष्णाजी लग्नाला गेले, सुनेला प्रेमाने जवळ घेतलं आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तेव्हा तो बाजूला सरला.

सुनामी आली त्या सकाळीही श्रीवत्स पुण्यातच होता. समुद्र कोळीवाड्यात शिरला, कारखान्याची पुढची भिंत घेऊन गेला. कोळणींची म्होरकी सुंदरी, हिचा नवरा आणि मोठा मुलगा त्या लाटेत गेले; ती एकटी वाचली. कृष्णाजी चिखलातून वाट काढत आवारात पोचले, जेवढा बर्फ शिल्लक होता तेवढा सगळा त्यांनी मृतदेहांसाठी काढून दिला, आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत, आणि झाल्यावरही, कित्येक दिवस त्या कारखान्यातून विकण्यासाठी एक लादी बाहेर पडली नाही. ज्यांच्या माणसांना दुसऱ्या गावातून येऊन ओळख पटवायची होती, त्यांच्यासाठी तो बर्फ होता. त्यांनी ही गोष्ट घरी कधी सांगितली नाही. सकवारबाईंना ती सुंदरीकडून कळली.

आणि मग मागच्या वर्षी, हृदयविकाराने, हॉस्पिटलच्या खाटेवर... श्रीवत्स विमानाने यायला निघाला होता, पण पोचायचा होता. सकवारबाईंनी त्यांचा हात हातात घेऊन विचारलं होतं, “आता तरी त्याला सांगू?” कृष्णाजींनी मान हलवली. श्वास लागत होता, तरी एकेक शब्द स्पष्ट म्हणाले, “त्याला माझा राग आहे. तो राग मला चालेल. राग माणसाला मारत नाही, सकवार. ते दुसरं मारतं.” आणि सकवारबाईंकडून त्यांनी पुन्हा एकदा वचन घेतलं.

त्या वचनाचं ओझं घेऊन त्या वर्षभर जगल्या होत्या. आणि आता राजसबाई काही न बोलता आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांची जुनी ट्रंक होती.

“चल गं सुष्मी,” त्या शांतपणे म्हणाल्या. “शहराबाहेर आवडी गावात माझा भाचा आहे, सरकारी क्वार्टर्समध्ये. तिकडे जाऊ. थोरल्यांच्या श्राद्धाला घरात भांडण नको. मुलगा आहे तो त्यांचा, त्याने शांत मनाने करावं सगळं.”

सकवारबाई उठल्या. त्यांच्या मांडीवरची डाळ फरशीवर सांडली, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. एका बाजूला मरणाऱ्या पतीला दिलेला शब्द... आणि दुसऱ्या बाजूला ही बाई, जिने आयुष्य या घरात होमलं आणि आज ट्रंक उचलून, चोरासारखी, तेही स्वतःहून, दाराबाहेर निघाली होती. सकवारबाईंना एकाएकी कळून चुकलं की शब्द पाळणं आणि अन्याय बघत बसणं या दोन्ही गोष्टी आता एकच झाल्या आहेत.

“राजस, ट्रंक खाली ठेव.”

राजसबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं उमगलं.  “अक्का, नको. तुम्हांस माझी शपथ आहे.”

“शपथा मी फार पाळल्या. वर गेल्यावर मी त्यांच्याशी भांडेन, काय करायचं ते ते करोत. पण तू या घरातून अशी गेलीस, तर मला त्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही.” मग त्या मुलाकडे वळल्या. “बस, कण्णा, बाळा माझ्या. इथे माझ्यासमोर बस. तुझे काका कशाने गेले, सांग बरं.”

श्रीवत्स गोंधळला. “तापाने. मी लहान होतो.”

“तापाने नाही.”

देविका दारात उभी होती, ती पुढे येऊन नवऱ्याच्या मागे थांबली. सकवारबाईंनी डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांचं ते दडपण शब्द होऊन बाहेर पडू लागलं.

“तू शाळेत जायच्या आधीची गोष्ट. तुझ्या अप्पांना तुला कारखाना दाखवायची फार हौस होती. एक दिवस घेऊन गेले. तुझे काका तुझ्याशी लपंडाव खेळत होते. त्यांचा फार जीव होता तुझ्यावर. तू यंत्रघरात, त्या मोठ्या यंत्राच्या मागे जाऊन लपलास, आणि तेवढ्यात पाइप फुटला. अमोनिया... पांढरा धूर, डोळे उघडता येईनात, श्वास घेता येईना. सगळे धावत बाहेर आले. तुझे अप्पा तुझ्या नावाने हाका मारत होते. तू कुठे लपला आहेस हे एकाच माणसाला ठाऊक होतं. त्यांनी टॉवेल ओला केला, तोंडाला गुंडाळला आणि आत गेले. तो टॉवेल त्यांनी आत गेल्यावर तुझ्या तोंडाला बांधला, रे. खिडकीतून तुला बाहेर दिलं. अप्पांनी तुला हातात घेतलं. त्यांना परत आत जायचं होतं, भावाला काढायचं होतं, पण चार माणसांनी त्यांना धरून ठेवलं. तुझे काका खिडकीच्या खालीच सापडले.”

 बाहेर रस्त्यावरून केळीची पानं विकणारी बाई हाक देत गेली.

“मला...” श्रीवत्स म्हणाला. “मला लहानपणी पांढऱ्या धुराचं स्वप्न पडायचं. मी ओरडत उठायचो. अप्पा म्हणायचे, धुकं असेल.”

“हो. आणि तू परत झोपेपर्यंत ते उशाशी बसायचे.”

“मग मला सांगितलं का नाही कोणी? इतकी वर्षं? अप्पांनी मला कारखान्यात येऊ दिलं नाही, ते...”

“तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. कामगारांना, कोळीवाड्याला. तू तिथे रोज गेला असतास तर एखाद्याच्या तोंडून शब्द गेला असता. म्हणून ते दार बंद. तू रागावलास, ते त्यांना कळत होतं. पण तुला ते कळण्यापेक्षा तुझा राग बरा, असं ते म्हणायचे.” सकवारबाई थांबल्या. आता जे सांगायचं होतं, ते सर्वांत अवघड होतं. “आणि तुला सांगायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ते ठरवलं हिने.”

श्रीवत्साने मान वर केली. राजसबाई खाली बघत होत्या.

“तुझ्या काकांना घरी आणलं, तेव्हा ही सुष्मीला मांडीवर घेऊन बसली होती. रडली नाही. तू कोपऱ्यात उभा होतास, घाबरलेला. हिने सुष्मीला माझ्याकडे दिलं आणि तुला उचलून पोटाशी घेतलं. आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘याला कधी सांगायचं नाही. यांनी याला जगायला म्हणून बाहेर काढलं, जन्मभर झुरायला नाही.’ अप्पांनी तिथेच तिला वचन दिलं. तुझे अप्पा मरेपर्यंत हिला दिलेलं ते वचन पाळत होते, आणि तू आज...”

त्या खाली वाकून सांडलेली डाळ गोळा करू लागल्या.

श्रीवत्स उठला. तो राजसबाईंच्या समोर जाऊन उभा राहिला, आणि मग तसाच, पायांत चपला न घालता, दाराबाहेर निघून गेला.

“आई, मी जाऊ का त्यांच्या मागे?” देविकाने घाबरून विचारलं.

“नको, पोरी. या गोष्टीला सोबत चालत नाही.”

पण दुपार झाली, जेवणं तशीच राहिली, आणि तो आला नाही. फोनही घरीच पडला होता. राजसबाई देवापुढे बसून होत्या. सकवारबाईंच्या मनात एकच विचार थैमान घालत होता. त्यांनी ज्या भीतीने तोंड बंद ठेवलं, तीच भीती खरी ठरली तर? मी माझ्या हाताने माझं मूल त्या धुरात परत ढकललं का?

शेवटी कारखान्याच्या वॉचमनचा सुष्मिताला फोन आला. “अक्का, तुमचे अण्णा इथे आलेत. यंत्रघराजवळ बसलेत. पाणी दिलं, घेत नाहीत.”

सुष्मिताने गाडी काढली, सकवारबाई शेजारी बसल्या. रायपुरम मागे पडलं, तिरुवोट्रियूर मागे पडलं, एका बाजूला दगडांच्या बांधापलीकडे समुद्र आणि समोर वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागल्या.  कारखान्याशी आल्यावर सुष्मिता म्हणाली, “थोरली आई, तुम्ही जरा मागे थांबा. आधी मी बोलते.”

जुनं यंत्र काढून तिथे नवं बसवलं होतं, पण इमारत तीच होती आणि खिडकीही तीच. श्रीवत्स तिच्याखाली भिंतीला पाठ लावून बसला होता. अनवाणी चालून त्याच्या पायांचे तळवे डांबराने काळे झाले होते. सुष्मिता आपल्या चांगल्या साडीचा विचार न करता त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. सकवारबाई निंबाच्या झाडाखाली थांबल्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

“तुला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

“हो. मी इथे काम करायला लागले त्या पहिल्याच महिन्यात कळलं.”

“मग माझा राग नाही आला तुला?”

 सुष्मिताने खोटं बोलावं असं सकवारबाईंना एक क्षण वाटून गेलं.

“आला,” ती म्हणाली. “खूप आला. मला बाप आठवतसुद्धा नाही, अण्णा. तुला निदान त्यांचा चेहरा आठवत असेल. मी थोरल्या अप्पांकडे गेले आणि म्हणाले, तुमच्या मुलामुळे माझा बाप गेला आणि तो मलाच टोमणे मारतो. त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, ‘तुझ्या बापाचं या जगात दोनच गोष्टींत काही उरलं आहे. एक तू, आणि एक तो. दोघांपैकी एकावर रागावून मला कसं चालेल, आणि तुला तरी कसं चालेल?’ त्यानंतर मला राग करता येईना. प्रयत्न केला. नाही आला.”

श्रीवत्साचे खांदे हुंदक्यांनी गदगदू लागले. लहानपणी रडायचा तसाच, तोंडावर हात दाबून. सुष्मिताने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग तो म्हणाला, “मी त्यांना खांद्यावर हात ठेवू दिला नव्हता, सुष्मी. माझ्या लग्नात.”

“त्यांनी मला सांगितलं होतं. हसत होते. म्हणाले, पोरगा माझ्यासारखाच हट्टी आहे.”

सकवारबाई झाडाखालून पुढे आल्या. त्यांना वाटलं होतं, मुलगा मोडून पडला असेल. पण त्याने मान वर केली, तेव्हा त्या सुजलेल्या डोळ्यांत त्यांना कित्येक वर्षांत न दिसलेलं काहीतरी दिसलं. त्यातला तो जुना, कडू, स्वतःलाच खाणारा संशय गेला होता. आपल्या बापाने आपल्याला नाकारलं नव्हतं, हे कळलेल्या मुलाचे ते डोळे होते.

“आई,” तो म्हणाला, “अप्पांना वाटलं होतं मी हे सोसणार नाही. मी सोसेन. तुम्हां सगळ्यांनी मला सोसण्याइतकं मोठं केलंय.”

संध्याकाळी घरी आल्यावर तो सरळ राजसबाईंच्या खोलीत गेला. त्यांनी भरलेली ट्रंक त्याने स्वतः उघडली आणि त्यांची लुगडी एकेक करून कपाटात लावायला लागला, इतकी अव्यवस्थित की राजसबाईंना शेवटी उठून ती परत घडी घालावी लागली.  देविका दारातून बघत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

श्राद्धाच्या सकाळी त्याने सगळे विधी केले. पिंड झाले, तर्पण झालं, आणि गुरुजी उठायला लागले तेव्हा तो म्हणाला, “थांबा. माझ्या काकांच्या नावानेही पाणी सोडायचं आहे. इतकी वर्षं अप्पा सोडायचे. आता मी सोडेन.” आणि वळून म्हणाला, “सुष्मी, इकडे ये. माझ्या शेजारी उभी राहा.” गुरुजींनी भुवया वर केल्या, पण सकवारबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यांनी मुकाट्याने पळी हातात दिली.

संध्याकाळी सगळे एन्नोरला गेले. कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. सकवारबाईंना वाटलं होतं थोडीफार माणसं असतील. पण आवार भरलं होतं, भिंतीवर पोरं बसली होती आणि फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. होडीवाले, लिलाव करणारे, लॉरी चालवणारे, डोक्यावरून मासळी विकणाऱ्या बाया, आणि ज्यांनी सुनामीत आपली माणसं त्या बर्फात ठेवली होती ती घरं, पोराबाळांसकट. समोर कृष्णाजींचा हार घातलेला फोटो होता, त्यात ते नेहमीसारखे किंचित ओशाळे दिसत होते, आपल्यासाठी एवढं कशाला असं म्हणत असल्यासारखे.

एक एक जण उठून बोलला. एकाने सांगितलं, त्यांनी कसा वितळणारा बर्फ बघत उभं राहून शब्द पाळला. एका म्हाताऱ्या कामगाराने सांगितलं, की मुलीच्या लग्नात ते सर्वांच्या आधी येऊन पाणी वाढत होते. मग सुष्मिताने माइक श्रीवत्साच्या हातात दिला.  राजसबाईंनी सकवारबाईंचा हात घट्ट धरला.

तो तमिळमध्ये बोलला, समोरच्यांच्या भाषेत.

“माझ्या अप्पांचं तुम्ही फार कौतुक केलंत. मी त्यांचा मुलगा, पण मी त्यांना तुमच्यापेक्षा कमी ओळखत होतो. हा कारखाना विकायला मी इथे आलो होतो. तो आता विकायचा नाही. तो माझी बहीण चालवेल, जशी चालवते आहे तशीच. माझ्या कंपनीचा इथेही कारखाना आहे. मी आणि माझी बायको मद्रासला परत येतोय, आणि सुट्टीच्या दिवशी माझी बहीण मला जे काम सांगेल ते मी करीन.” लोकांत थोडं हसू पिकलं. मग त्याने यंत्रघराच्या खिडकीकडे हात केला. “त्या खिडकीतून माझ्या काकांनी मला बाहेर दिलं. मला हे काल कळलं. पण तुम्हां सगळ्यांना ते ठाऊक होतं. इथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला. तुम्ही मला शाळेच्या गणवेशात बघितलंत, कॉलेजात जाताना बघितलंत, माझ्या अप्पांवर मी रागावलेला बघितलंत. आणि इतक्या वर्षांत एकानेही...”

  जुने कामगार खाली बघू लागले. बायांनी पदर तोंडावर घेतले. आपलं एखादं लपवलेलं सत्कृत्य उघडं पडावं तसे ते सगळे संकोचून गेले होते.

मग पुढच्या रांगेतून सुंदरी उठली. केस पिकलेले, आवाज मात्र लिलावात घासून तयार झालेला, माइकची गरज नसलेला.

“अरे, तू केवढासा होतास,” ती म्हणाली. “तेवढ्या पोराला असं काही सांगतात होय? तुझ्या काकीने नको म्हटलं, आम्ही नाही सांगितलं. त्यात काय मोठं? आता शिकलास, बायको आणलीस, चार माणसांत उभं राहून बोलायला लागलास. मग झालं तर आमचं काम.”

आणि ती खाली बसली. आवारात आधी कोणी तरी हसलं, मग कोणी टाळी वाजवली, आणि मग ती टाळ्यांची लाट फाटकापर्यंत, फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. कोळणी रडत होत्या आणि हसत होत्या. भिंतीवरच्या पोरांना काहीच कळलं नव्हतं, पण तीही जोरजोरात टाळ्या वाजवत होती.

श्रीवत्स मंचावरून खाली उतरला. गर्दीने त्याला वाट करून दिली. सगळ्या एन्नोरच्या देखत त्याने राजसबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो उठेना. राजसबाई वाकल्या. त्र्यंबक गेल्यापासून सकवारबाईंनी त्यांना कधीही रडताना बघितलं नव्हतं. आज मात्र त्यांचे अश्रू त्याच्या केसांत टपटप पडत होते, आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

“ऊठ, कण्णा,” त्या आपल्या जुन्या, मऊ मराठीत म्हणाल्या. “मी गेल्यावर तुझे काका मला पहिलं हेच विचारतील, की पोर नीट पोचलं का. आतां मी सांगेन... पोचलं म्हणून.”

सकवारबाई उभ्या होत्या. पतीला दिलेला शब्द त्यांनी मोडला होता, आणि त्याचं दुःख शोधूनही त्यांना सापडत नव्हतं. समोर त्यांचा मुलगा काकीला सावरून धरत होता, सुष्मिता दुसऱ्या बाजूने आईचा हात धरत होती, आणि देविका तिघांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन गर्दीतून वाट काढत येत होती. सकवारबाईंना वाटलं, धावत जाऊन कृष्णाजींना हे सांगावं... की अहो, तुमचा मुलगा तुमच्यावर रागावलेला नाही, आणि तो जिवंत आहे, दोन्ही एकदम. मग त्या पुढे झाल्या, आणि त्या चौघांत आपली जागा घेऊन उभ्या राहिल्या.